टाच आणि ग्राउंडची तारीख

वारज्यात एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत आणि लिफ्ट नाही. ज्यांचे गुडघे आणि टाचा दुखतात त्याच लोकांनी हा जिना चढून यायचं, यावरून मी आजवर पुष्कळ ऐकून घेतलंय. एका पेन्शनर गृहस्थांनी खालूनच फोन केला होता, "अहो, तुमचा जिना चढण्याइतकं बरं वाटलं की येतो." मी म्हटलं, "मग कशाला येताय? बरे झालात की." माझं माहेर पेठेतलं आणि सासरही पेठेतलंच, त्यामुळे अशा बोलण्याला आमच्यात भांडण समजत नाहीत.

टाचदुखीचे पेशंट मला सगळ्यात जास्त छळतात, आणि मी त्यांना. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की पहिल्या काही पावलांना टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. चालत राहिलं की जरा कमी होतं, आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा सुरू. तळपायाखालून टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा गेलेला असतो, तो टाचेपाशी कुरकुरायला लागला की असं होतं. लोक मात्र एक्स-रेचा लिफाफा घेऊन येतात आणि बसण्याआधीच जाहीर करतात, "हाड वाढलंय." मी सांगते की असं हाड कित्येक माणसांच्या टाचेत असतं, ती टेकड्या चढत असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. हे कुणाला आवडत नाही. हाड वाढलंय म्हटलं की घरचे पाण्याचा ग्लास हातात आणून देतात. पट्टा कुरकुरतोय म्हटल्यावर कोण देणार?

त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो, "मशीन नाही का लावणार?" मी शिकत होते तेव्हा आम्हीही टाचेवर अल्ट्रासाउंडचं मशीन फिरवायचो. पुढे लोकांनी चालू मशीन आणि बंद मशीन यांची तुलना करून पाहिली, तेव्हा टाचेला दोन्हींतला फरक फारसा कळत नाही असं दिसलं. तेव्हापासून मी माझं मशीन बंद ठेवलंय. त्यावर आता पिण्याच्या पाण्याचा माठ असतो. जे खरोखर उपयोगी पडतं ते अगदीच साधं आहे. पट्टा ताणायचा, पोटरी ताणायची, टाचेला टेप लावायचा, पायात मऊ काहीतरी घालायचं, टाच हळूहळू उचलून पायाला ताकद आणायची, आणि वाट पाहायची. या शेवटच्या गोष्टीपाशी माझे निम्मे पेशंट मला सोडून कोपऱ्यावरच्या मशीनवाल्याकडे जातात. जाऊ देत. मी हट्टी आहे. ज्याचा पुरावा आहे तेच करायचं असं मी एकदा ठरवलं, आणि त्याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, म्हणून तर ही गोष्ट मला सांगावीशी वाटते.

ती आली तेव्हा दसरा नुकताच झाला होता. अंगात ट्रॅक पँट आणि जुना टी-शर्ट, केस घट्ट बांधलेले. खुर्चीवर बसली तीही परेडला उभी असल्यासारखी ताठ. यवतमाळकडची होती. माळवाडीत चार मुलींबरोबर खोली घेऊन राहायची, पहाटे पोलीस भरतीच्या अकॅडमीत पळायला जायची आणि दिवसा पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानात काम करायची. लिफाफा तिच्याही हातात होताच.

"मॅडम, टाचेचं हाड वाढलं म्हनते," ती म्हणाली. "अकॅडमीचे सर म्हनाले, हाड वाढलं म्हनजे भरती विसर. खरं आहे का?"

"तुमच्या सरांची टाच एकदा एक्स-रेखाली ठेव म्हणावं. त्यांचंही वाढलेलं निघेल."

ती हसली नाही. मी तिला पालथं झोपवलं आणि टाच पाहिली, तर टाचेच्या कडेला भाजल्याचा डाग. खोलीच्या मालकीणबाईंनी वीट तापवून, तिच्यावर रुईचं पान ठेवून टाच दाबायला सांगितली होती. हा उपाय माझ्या आजेसासूबाईही सांगायच्या, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पण इतकं भाजेपर्यंत पाय तसाच ठेवायचा?

"चटका बसला तेव्हा पाय काढला नाहीस?"

"मले वाटलं, असर होऊन राहिला."

मी टाचेच्या आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबलं आणि पायाचा अंगठा वर ओढला. तिनं उशी दातांत धरली, पण आवाज काढला नाही. दुखणं मला वाटलं होतं तेच होतं, शंकेला जागा नव्हती. मग मी तिला विचारत गेले आणि ऐकता ऐकता माझं डोकं फिरत गेलं. अकॅडमीत सगळ्या मुली अनवाणी पळायच्या. बुटांची सवय लागली की ग्राउंडच्या मातीवर पाय जड होतात, असं सरांचं म्हणणं. खोलीत अनवाणी, कारण खोलीत चप्पल कोण घालतं? आणि दुकानातही अनवाणी, कारण साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं आणि नोकर सगळेच दारात चपला काढतात. गिऱ्हाइकं गादीवर बसतात, ही मात्र फरशीवर दिवसभर उभी.

"म्हणजे पायात काही असतं तरी कधी?"

तिनं जरा आठवून सांगितलं, "बसमध्ये."

तिला कुणी शत्रूनं ठरवून टाचदुखी लावून द्यायची म्हटली असती तरी याहून चांगली व्यवस्था झाली नसती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. हाड विसर. पळणं अगदी बंद नको, पण निम्म्याहून खाली आण, आणि बूट घालून पळ. उठण्याआधी अंथरुणातच पायाची बोटं हातानं मागे ओढून धर. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन पायरीवर उभी राहा आणि टाच सावकाश वर ने, सावकाश खाली आण. घरातही मऊ चप्पल घाल. ती प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. सगळं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"ग्राउंड संक्रांतीनंतर होईन म्हनतात. तोवर बरं होईन का?"

ग्राउंड म्हणजे भरतीची मैदानी चाचणी. मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, शंभर मीटर पळावं लागतं आणि गोळा टाकावा लागतो. तिची सगळी भिस्त आठशे मीटरवर होती. मागच्या भरतीत ती थोडक्यात राहिली होती आणि वयाच्या अटीमुळे या खेपेनंतर तिला अर्ज करता येणार नव्हता. हे तिनं अगदी सहज सांगितलं, बसचा नंबर सांगावा तसं.

मी म्हटलं, "बहुतेकांचं बरं होतं. कधी, ते सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"काही महिने. एखाद्याला वर्षही लागतं."

"माह्यं कोनत्यात येईन?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसतं. पुष्कळ माणसांच्या टाचा एकत्र पाहिल्या की त्यांचं काय होतं ते आम्ही सांगू शकतो. समोर बसलेल्या एका टाचेचं काय होईल ते नाही सांगू शकत. एरवी हे वाक्य मी पेशंटला ऐटीत ऐकवते, कारण ते खरं आहे आणि मशीनवाला ते कधी बोलणार नाही. त्या दिवशी मला ते तिच्यासमोर म्हणवलं नाही. मी टेप कापायला घेतला.

पुढच्या आठवड्यात आली ती सगळं करत होती. फक्त दुकानातली चप्पल जमली नव्हती. तिनं मालकांना विचारलं होतं आणि मालकांनी "इथे लक्ष्मी बसते" एवढंच उत्तर दिलं होतं. मला राग आला. पेठेतल्या दुकानदाराला पेठेतल्याच माणसानं जाऊन विचारावं म्हणून मी स्वतः गेले.

दुकान जुनं होतं. मालक पांढऱ्या गादीवर टेकून बसले होते, चष्मा कपाळावर. मी चपला काढून आत गेले आणि मुद्द्यावर आले. तुमच्याकडची मुलगी टाचदुखीनं आजारी आहे, तिला मऊ चप्पल घालून उभं राहू द्या, मी डॉक्टर आहे.

"आपण डॉक्टर की फिजिओ?" त्यांनी विचारलं.

"फिजिओ."

"मग डॉक्टर आहे कशाला म्हणता?"

मी म्हटलं, "तिला बसायला स्टूल तरी द्या."

"स्टुलावर बसून साडी उलगडता येते का? आपण करून दाखवा."

"अहो, तिची टाच फरशीनं दुखतेय."

"फरशी माझ्या आजोबांनी घातलीय. तेव्हापासून पुष्कळांच्या टाचा टेकल्यात तिच्यावर." मग त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "चप्पल चालणार नाही. देवाला एक वेळ समजावता येईल, गिऱ्हाइकांना नाही. मोजे घालू दे. मोज्यात काय घालायचंय ते घाला, मी वाकून बघणार नाही."

तोडगा माझ्यापेक्षा बरा होता, हे मला तिथल्या तिथे कबूल करवेना. तोवर ती माझ्यापुढे साडी उलगडून उभी होती. दुकानात आलेल्या बाईला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, ही तिची सवय. पदर एका हातावर पसरून ती मला म्हणाली, "मॅडम, हा रंग तुमाले चांगला दिसन." मी ती साडी घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी तिच्या जाड मोज्यांत टाचेखाली मऊ गाद्या बसवून दिल्या.

दिवाळी झाली आणि सकाळचं दुखणं थोडं हललं. अगदी थोडं. अंथरुणातून मोरीपर्यंत भिंत धरून जावं लागायचं ते आता भिंतीवाचून जाता यायला लागलं. मी खूश होते. ती नव्हती. एके दिवशी दारातच उभी राहून तिनं विचारलं, "मॅडम, इंजेक्शन घेऊ का? सर म्हनतात, एका सुईत टाच मोकळी होते."

मी तिला बसवलं आणि जे आहे ते सांगितलं. या इंजेक्शननं काही आठवडे बरं वाटतं, पुष्कळांना वाटतं. पुढे काही महिन्यांनी बघितलं तर घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक फारसा उरत नाही. आणि क्वचित कधी तो पट्टाच तुटतो. पळणाऱ्या माणसाचा तुटला तर पळणं गेलंच म्हणायचं.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काही आठवडेच तर पाहिजेत मले."

  पुढच्या वर्षी फरक उरत नाही हे ज्याला पुढचं वर्ष आहे त्याला सांगायचं असतं. मी एवढंच म्हटलं की निर्णय तुझा आहे. ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांचं नाव लिहून देते, ते बघून देतील, नीट देतील. मी तिला नको म्हटलं नाही, हे आजही शपथेवर सांगेन. पण तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. पट्टा तुटतो हे सांगताना माझं तोंड कसं झालं होतं ते मला कसं कळणार?

"तुमी म्हनता तर नाही घेत," ती म्हणाली.

"मी असं म्हटलं नाही."

"नाही, पन मले समजलं."

तिथून पुढे तिनं स्वतःला माझ्या हाती सोपवलं. मी सांगितलेल्यातलं तीस टक्के ऐकणारे पेशंट सांभाळायला शिकलेली बाई. माणसं व्यायाम करत नाहीत आणि केला म्हणून सांगतात, हे धरूनच मी सगळं जरा जास्तीचं सांगते. हिनं मी सांगितलेलं अक्षरन् अक्षर केलं. पळणं कमी कर म्हटलं, तिनं कमी केलं. पहाटे एकटीला खोलीवर राहणं नको वाटायचं म्हणून ती बाकीच्या मुलींबरोबर मैदानावर जायची, आपला वाटा पळायची आणि मग कडेला बसून बाकीच्यांच्या बाटल्या सांभाळायची. तिची पोटरी भरत होती, सकाळचं दुखणं महिन्यागणिक उतरत होतं. पुस्तकात असा पेशंट असतो असं आम्हाला शिकवतात, मी तो पहिल्यांदाच बघत होते.

दम टिकावा म्हणून मी तिला दवाखान्यातली व्यायामाची सायकल दिली. तिला दुकानात जाण्याआधी वेळ मिळावा म्हणून मी दवाखाना लवकर उघडायला लागले. ती सायकल मारायची आणि मी चहा करायचे. घरचं काही विचारलं तर मोजकं बोलायची. आई गावात सगळ्यांना सांगून बसली होती की पोरगी पोलिसात लागल्यातच जमा आहे. वडिलांनी एवढंच सांगितलं होतं की या खेपेला नाही झालं तर सामान घेऊन ये, स्थळं पाहून ठेवतो.

"तुला जायचंय का?"

तिनं पायडल थांबवलं नाही. "नाही जायचं म्हनून तर पळून राहिली मॅडम."

सायकलनं दम राहतो, पण पळण्याचा दम पळूनच येतो. हे मला माहीत होतं आणि तिच्या सरांनाही माहीत होतं. डिसेंबरात अकॅडमीत त्यांनी वेळ लावून पळवलं, तेव्हा तिची वेळ मागच्या वर्षीपेक्षा वाईट आली. त्या संध्याकाळी ती आली, टाच पुढे केली आणि म्हणाली, "दुखलं नाही फार." मग वेळ सांगितली. 

मी पळणं वाढवायला सांगितलं. पण तेही आमच्या नियमानं. पळताना दुखलं तर सोसण्याइतकंच दुखावं आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसावं. वाढलं तर पुन्हा खाली यायचं. ती रोज सकाळी पहिलं पाऊल टाकायची, दुखणं मनाशी तोलायची आणि त्याप्रमाणे पळायची. दोनदा वाढलं, दोनदा ती खाली आली. एक दिवस मला फार वाटलं की हिनं मला फसवावं. खोटं सांगावं की दुखत नाही, आणि पळावं वाटेल तेवढं. असल्या पेशंटांची मला सवय आहे. मी चिडेन, बोलेन, आणि बरं वाटेल मला. मी हे तिला सांगितलं नाही. कसं सांगणार? मग टाच गेली असती तर?

ग्राउंडची तारीख आली. आदल्या संध्याकाळी मी तिच्या टाचेला टेप लावून दिला. एवढा नीट टेप मी कुणाला लावला नसेन. ती उठून दोन पावलं चालली, टाचेवर जोर देऊन पाहिला आणि वाकून माझ्या पाया पडायला लागली. मी तिला दंडाला धरून वर ओढली आणि ओरडलेच, "देवळात आलीयस का?" नंतर ती जिना उतरत असताना मी वरून ऐकत उभी होते. पायऱ्या उतरताना टाच दुखत असली की माणसाचं पाऊल तिरकं पडतं, आवाजात कळतं. तिची दोन्ही पावलं सारखी वाजत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. समोरच्या खुर्चीवर एक आजोबा खांद्याला शेक घेत बसले होते, त्यांच्यासमोरच मी विचारलं, "टाच?"

"नाही दुखली मॅडम. एकदाही नाही." हे तिनं मला आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून.

"मग?"

"दुसऱ्या राउंडले दम गेला."

आजोबा म्हणाले, "अगं, दमाला प्राणायाम कर." मी त्यांना गप्प बसायला सांगितलं, जरा वाईटच सांगितलं. तिच्या पायाचा टेप काढायला घेतला. टेप घामानं चिकटला होता, हळूहळू काढावा लागला. ती आढ्याकडे बघत होती. माझे डोळे भरून आले होते आणि मी मान वर करत नव्हते. तेवढ्यासाठी टेप काढायचं काम मी पुरवून पुरवून करत राहिले.

निवडीच्या यादीत तिचं नाव लागलं नाही. अकॅडमीतल्या, तिच्याच खोलीतल्या एका मुलीचं लागलं. तिचीही टाच दुखत होती, ती अनवाणीच पळाली होती, आणि तिनं सुई घेतली होती. तिला काहीही झालं नाही. हे मला कुणी हिणवून सांगितलं नाही, माझ्या पेशंटनंच त्या मुलीच्या निवडीचा पेढा देता देता सांगितलं. मी पेढा खाल्ला. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला चांगलं कळतं. हे वाक्य मी इतर फिजिओंना शिकवते. तरी त्या दिवशी घरी गेल्यावर मला कुकरच्या शिट्ट्यासुद्धा नको झाल्या होत्या.

लोक म्हणतील, चूक झाली तर कबूल करावी. मी पुष्कळदा बसून शोधली. मला चूक सापडत नाही. पुन्हा तीच मुलगी तीच टाच घेऊन आली तर मी तेच सांगेन, कारण तेच बरोबर आहे. चूक सापडली असती तर ती पुढच्या वेळी टाळता आली असती, तेवढा तरी आधार मिळाला असता.

ती गावी गेली नाही. दुकान सोडलं आणि बाणेरकडच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागली. आठ तास उभं राहायचं काम, पण पायात बूट. वडिलांशी बोलणं बंद होतं, आईशी चोरून चालू होतं. मधूनमधून तिचा मेसेज यायचा, गुड मॉर्निंग आणि फुलं. मी एरवी अशा मेसेजला उत्तर देत नाही. तिला द्यायचे.

यंदा गौरी-गणपती उरकल्यावर ती दवाखान्यात आली. सिक्युरिटीचा गडद निळा युनिफॉर्म, खांद्यावर पट्टी. बरोबर गावाकडची एक मुलगी होती, अकॅडमीत नुकतीच आलेली, जिना चढताना एक पाय जपणारी.

"आधी माही टाच पाहा," ती म्हणाली आणि बूट काढून आपणहून पालथी झोपली. मी दाबून पाहिलं. आतून, बाहेरून, मधोमध. अंगठा वर ओढून पाहिला. काहीच नाही. सकाळचं पहिलं पाऊलही दुखत नव्हतं, कित्येक आठवडे झाले म्हणाली. मी तिला एका पायावर टाचा उचलायला लावल्या, तिनं मी थांब म्हणेपर्यंत उचलल्या. टाच पूर्ण बरी झाली होती, औषधाशिवाय, सुईशिवाय, आम्ही म्हणतो तशी आणि म्हणतो तेवढ्या वेळात. आमच्या हिशोबात ही मुलगी यशस्वी पेशंट. कुठल्या परिषदेत तिच्याबद्दल सांगितलं तर टाळ्या पडतील.

मग मी नव्या मुलीची टाच पाहिली. तेच दुखणं होतं. तिचं ग्राउंड दिवाळीच्या आसपास होतं, म्हणजे हिच्या वेळेपेक्षाही जवळ. तिचीही वयाची शेवटचीच खेप होती. मी सांगायला सुरुवात केली. हाड विसर, बूट घाल, अंथरुणात बोटं ओढ. मधे मधे माझी जुनी पेशंटच पुढे व्हायची, टॉवेलची गुंडाळी किती जाड करायची ते हातानं दाखवायची. सगळं पाठ होतं तिला. इंजेक्शनचंही मी सांगितलं, दोन्ही बाजू सांगितल्या, आणि या वेळी तोंड सरळ ठेवण्याचा प्रयत्न केला.

नव्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हनजे मॅडम, मी पळू का नको?"

मी बोलायला तोंड उघडलं. पळणं निम्म्याहून खाली आण, हे वाक्य जिभेवर होतं. ते बरोबर वाक्य होतं. मी समोर पाहिलं, निळ्या युनिफॉर्ममधली मुलगी खाली वाकून बुटाची लेस बांधत होती. लेस ओढता ओढता, मान वर न करता, ती त्या मुलीला म्हणाली, "मॅडम सांगतात ते सगळं खरं आहे. माही टाच पाहा, एकदम बरी झाली. पन तू पळ."

मग तिच्या लक्षात आलं की मी ऐकतेय. ती ओशाळली. "सॉरी मॅडम," म्हणाली.

मी टेप कापायला घेतला. नवी मुलगी अजून माझ्याकडेच बघत होती, उत्तराची वाट पाहत.